उघड्यावरचा मुक्काम – लेखांक 6 : तणावा सैल का पडतो?

मागच्या आठवड्यात मेखांबद्दल लिहिलं होतं. ग्वारीघाटाच्या वाळूत मेख आडवी पुरावी लागते, आणि मदनमहालच्या टेकडीवर मेखेचा नाद सोडून ग्रॅनाइटच्या धोंड्यालाच दोरी गुंडाळावी लागते. मेख घट्ट बसली, गाठ पक्की झाली, संध्याकाळी ताडपत्री छान ताणली गेली. तरी पहाटे बघावं तर तिचं पोट सुटलेलं आणि पोटात दवाचं पाणी. नर्मदेच्या काठी थंडीत मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. चातुर्मास संपल्यावर महाराष्ट्रातून कितीतरी परिक्रमावासी जबलपूरवरून जातात. तिलवाराघाट, लम्हेटाघाट, भेडाघाट या टापूत रात्री आश्रमात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर ताडपत्रीचाच आधार. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

तंबूशी जबलपूरचं नातं जुनं आहे. ठगांचा बीमोड करणाऱ्या विल्यम स्लीमनच्या काळात, 1837च्या सुमारास, इथे एक उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलं तिथे तंबू शिवायला आणि गालिचे विणायला शिकली. ते तंबू सुती होते, आणि त्यांना ताणून धरणाऱ्या दोऱ्या, म्हणजे तणावेही, झाडाच्या धाग्यांचेच. सुताचा स्वभाव असा की भिजलं की धागा फुगतो आणि फुगताना लांबीला आखडतो. कापडाच्या बाबतीत हा गुण; विणीतली भोकं बुजतात आणि तंबू गळत नाही. दोरीच्या बाबतीत मात्र तोच दोष. पावसात तणावे इतके आखडतात की मेख उपटते किंवा कापड शिवणीत फाटतं. म्हणून साहेबाच्या छावणीत तंबू सांभाळणारे खलाशी ठेवलेले असत. पावसाची चिन्हं दिसली की तणावे सैल करायचे, ऊन पडलं की पुन्हा ओढायचे, मग रात्र असो वा पहाट. त्या काळी ताण टिकायचा तो माणसाच्या जागरणावर. आज त्यावरचा उपाय म्हणजे इलॅस्टिकची दोरी; तिच्याकडून आपण जे मागतो, ते हेच खलाशाचं काम.

आजच्या कापडांचा स्वभाव सुताच्या उलटा आहे. नायलॉन भिजलं की लांबतं. साध्या हवेतसुद्धा ते वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं, आणि दवात ती वाढते. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा ओल घेत नाही, म्हणून ते रात्रभर बरंच जागेवर राहतं. बाजारात सगळीकडे मिळणारी निळी ताडपत्री पॉलिथिनची. ती पाणी पीत नाही, पण सतत ताण बसला की हळूहळू लांबत जाते, आणि उन्हात तापली की अधिकच. थोडक्यात, कापड कुठलंही असो, काही सेंटीमीटरची ढिलाई येणारच.

आता साधी दोरी आणि इलॅस्टिक यांतला फरक पाहा. न ताणली जाणारी दोरी कितीही करकचून बांधली तरी तिची स्वतःची लांबी जेमतेम काही मिलिमीटर वाढलेली असते. कापड तेवढं सैल पडलं की सगळा ताण संपला. इलॅस्टिक बांधताना आपण सात सेंटीमीटर ओढून ठेवलं, तर कापड तीन सेंटीमीटर लांबल्यावरही त्यात चार सेंटीमीटरची ओढ शिल्लक राहते. येणारी ढिलाई आपण आधीच दोरीत साठवून ठेवलेली असते.

इलॅस्टिकची दोरी म्हणजे रबराच्या बारीक धाग्यांचा जुडगा आणि त्यावर विणलेलं कापडी वेष्टण. वेष्टण एका मर्यादेपर्यंतच पसरतं. बहुतेक दोऱ्या मूळ लांबीच्या दुपटीच्या आसपास जाऊन थांबतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या चाकांना धक्के सोसण्यासाठी अशाच रबरी दोऱ्या गुंडाळलेल्या असत.

बांधायची कशी, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं मर्म इथेच आहे. संपूर्ण तणावा इलॅस्टिकचा कधीही करू नये. तणावा साध्या दोरीचाच ठेवा, आणि ताडपत्रीच्या कडीजवळ त्या दोरीवर एकमेकांपासून 27 सेंटीमीटर अंतरावर दोन छोटे फासे बांधा. त्या दोन फाशांमध्ये 4 मिलिमीटर जाडीच्या इलॅस्टिकचा तुकडा अडकवा, गाठींच्या मधली त्याची मोकळी लांबी 15 सेंटीमीटर. आता इलॅस्टिक ढिलं असताना त्या दोन फाशांमधली दोरी शेजारी लोंबत राहील. मेखेकडची सरकगाठ ओढत जा आणि इलॅस्टिक 22 सेंटीमीटरचं झालं की थांबा. रात्री तीन मीटरची ताडपत्री दोन टक्के लांबली, म्हणजे सहा सेंटीमीटर, तर दोन्ही बाजूंची इलॅस्टिकं तीन-तीन सेंटीमीटर आखडून ती ढिलाई गिळतात. वाऱ्याचा झोत आला तर इलॅस्टिक 27पर्यंत जातं, आणि तिथून पुढचा भार लोंबणारी दोरी ताठ होऊन स्वतःवर घेते. रबराला त्याच्या मर्यादेपर्यंत जावंच लागत नाही.

ही शेजारची दोरी ठेवायचा कंटाळा अनेकजण करतात. कृपा करून करू नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊ चौरस मीटरच्या ताडपत्रीवर ताशी 40 किलोमीटरचा वारा समोरून आला तर सुमारे 65-70 किलोंचा भार येतो. वेग दुप्पट झाला की भार चौपट. वैशाखातल्या आंधीत नुसत्या इलॅस्टिकवर बांधलेली ताडपत्री शिडासारखी फुगते, मेख उपटते, आणि ताणलेलं रबर ती लोखंडी मेख थेट ताडपत्रीखालच्या माणसाच्या दिशेने फेकतं. डोळा जाऊ शकतो. इलॅस्टिक दवासाठी आहे, वादळासाठी दोरीच हवी.

आढ्याच्या दोरीलाही इलॅस्टिक लावू नये. आढं खाली आलं की उतार कमी होतो, उतार कमी झाला की पाणी साचतं. इलॅस्टिकचा खरा धोका साचलेल्या पाण्यात आहे. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटीमीटर पाणी साठलं तर ते 50 किलो होतं. इलॅस्टिक त्या वजनाला वाट देतं, पोट आणखी सुटतं, आणखी पाणी येतं. म्हणून आढं ताठ, उतार चांगला उभा, आणि इलॅस्टिक फक्त बाजूच्या तणाव्यांना.

रबराची एक गंमत घरी करून बघण्यासारखी आहे. रुंद रबरबँड ओठांना टेकवा आणि झटकन ताणा. तो उबदार लागतो. जॉन गफ नावाच्या अंध अभ्यासकाने ओठांनीच हे ओळखलं आणि 1805 साली प्रसिद्ध केलं. याचीच दुसरी बाजू अशी की ताणलेलं रबर तापलं की आखडायला बघतं आणि थंड झालं की त्याची ओढ किंचित कमी होते. दुपारी उन्हात कापड कोरडं आणि रबर आखडलेलं, म्हणून नायलॉनची ताडपत्री तेव्हा सर्वांत ताठ दिसते. रात्री दोन्ही गोष्टी उलट होतात. दुपारच्या ताठपणावर विसंबू नका. सूर्य मावळल्यावर, दव पडायला लागलं की एक फेरी मारून सरकगाठी ओढून घ्या. नंतर झोपायला हरकत नाही.

गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानातलं इलॅस्टिक हाताशी नसेल तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब घ्या आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. कॅरियरवर सामान बांधायला आपण ही पट्टी वापरतोच. ट्यूब ब्युटिल रबराची असेल तर ती नैसर्गिक रबरापेक्षा सावकाश उसळते, त्यामुळे झोतानंतर ताडपत्री फडफडत राहत नाही. शिवाय हवेतल्या ओझोनपुढे ती जास्त टिकते. मला ती विकतच्या इलॅस्टिकपेक्षा कमी दर्जाची वाटत नाही. फक्त काठ कापताना कातर सरळ चालवा. काठावर बारीक खाच राहिली की पट्टी तिथूनच फाटते.

ऊन हा रबराचा शत्रू. जबलपूरला मे महिन्यात पारा 40च्या बराच वर जातो, तेव्हा इलॅस्टिक बांधलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवू नये. मुक्काम हलला की ताण सोडून सावलीत गुंडाळून ठेवावं. मुक्कामाला निघण्याआधी प्रत्येक तुकडा पट्टीशेजारी धरून दुप्पट ताणून सोडा. पंधराचा तुकडा सतरावर येऊन थांबला, वेष्टण सुरकुतलं, किंवा बोटांनी दाबल्यावर आत तुटक्या धाग्यांच्या गाठी लागल्या, तर तो बदला.

पुढच्या आठवड्यात ताडपत्रीखालच्या जमिनीकडे वळू: उतार कसा ओळखायचा, चर कुठे खणायचा आणि खालून येणारी ओल कशी अडवायची.