‘अंडर प्रोटेस्ट’ कुठे लिहावे?

‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणजे हरकत राखून. पैसे घेतले किंवा भरले, पण हक्क सोडला नाही, एवढे या दोन शब्दांत सांगितले जाते.

मांजरा नदीकाठच्या कळंब तालुक्यातील शेतकऱ्याची जमीन तलावासाठी संपादित झाली आणि मोबदला कमी वाटला, तर पैसे उचलताना हे शब्द मोलाचे ठरतात. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७७नुसार रक्कम हरकत राखून घेता येते. हरकत न नोंदवता घेतली, तर कलम ६४खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. १८९४च्या कायद्यातही हीच अट होती. म्हणून पावतीवर सहीशेजारी ‘मोबदला अपुरा असल्याने हरकत राखून स्वीकारला’ असे स्पष्ट लिहावे.

व्यापाऱ्याने वादग्रस्त सीमाशुल्क भरतानाही हाच शब्दप्रयोग चालतो. तशी नोंद असल्यास परताव्याच्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागू होत नाही.

मोर्चा किंवा उपोषणासाठी मात्र तो चुकीचा आहे. निषेध म्हणून केलेल्या कृतीला इंग्रजीत ‘इन प्रोटेस्ट’ म्हणतात.

हरकत नोंदवली म्हणजे काम संपले असे नाही. वाढीव मोबदल्याचा अर्जही मुदतीत करावाच लागतो.