प्रवासाची आखणी

सुट्टी जवळ आली की तुमच्या घरातही नकाशा किंवा रेल्वेचे वेळापत्रक उघडले जात असेल. "एवढ्या लांब जातोच आहोत, तर आणखी एक गाव पाहून येऊ," असे कोणीतरी म्हणते आणि यादी वाढत जाते. एका गावी जाऊन परत येणे सोपे असते. पण एकाच प्रवासात तीन-चार शहरे पाहायची, आणि तीही परदेशात, तर आखणी कशी करावी? आज आपण तेच समजून घेणार आहोत. उदाहरणासाठी मी आशिया खंडातील उझबेकिस्तान हा देश घेतला आहे. त्याचे कारण असे, की त्या प्रवासाचा कागद सध्या माझ्याच घराच्या भिंतीवर लावलेला आहे.

परंतु आधी माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी अम्मीला घेऊन उत्तर भारतात गेलो होतो. अम्मीला एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे ताजमहाल. मी मात्र दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, जयपूर आणि अजमेर अशी पाच ठिकाणे सात दिवसांत बसवली. मनमाडला गाडीत चढताना मला माझ्या वेळापत्रकाचा फार अभिमान वाटत होता. त्यात एक तासही मोकळा नव्हता! गुरुवारी दुपारी आम्ही आग्ऱ्याला पोहोचणार होतो. गाडीला पाच तास उशीर झाला. आम्ही उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि ताजमहालाचे दरवाजे बंद झाले होते. दुसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो, हे मी पाहूनच ठेवले नव्हते. दुपारची जयपूरची तिकिटे काढलेली होती. शेवटी मी अम्मीला आग्ऱ्याच्या किल्ल्यात नेले. शाहजहान बादशहाला 1658 पासून 1666 मध्ये मृत्यू येईपर्यंत याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. तिथल्या झरोक्यातून अम्मीने यमुनेच्या वळणावरचा ताजमहाल पाहिला. मी खाली मान घालून उभा होतो. अम्मी म्हणाली, "बेटा, शाहजहानलाही इथूनच दिसत होता."

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

आता उझबेकिस्तानकडे वळू. हा देश मध्य आशियात आहे. त्याला समुद्रकिनारा नाही आणि त्याच्या शेजारी देशांपैकी एकालाही महासागराचा किनारा नाही. दिल्लीहून विमानाने सुमारे तीन तासांत राजधानी ताश्कंद येते. त्यांचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्धा तास मागे असते. अम्मीच्या लहानपणी तिचे अब्बा रात्री गोष्टी सांगत, त्यांत समरकंद आणि बुखारा ही नावे हमखास येत. म्हणून या वेळी देश तिने निवडला.

नकाशा पाहिला की पहिला मोह होतो तो सगळीच नावे लिहून काढण्याचा. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, शिवाय बाबराचे जन्मगाव अंदिजान. आम्हीही तसेच केले. मग मी घरातल्या प्रत्येकाला सांगितले, "ज्यासाठी आपण आलो असे तुम्हांला वाटेल, अशी एकच गोष्ट सांगा." अम्मी म्हणाली, "समरकंदचे निळे घुमट." माझ्या पत्नीला बुखाऱ्याचा जुना बाजार पाहायचा होता. मुलीला तिथली वेगवान रेल्वे हवी होती. मला खिवा हवे होते. अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावातील ख्वारिज्म म्हणजे खिव्याच्या आसपासचाच प्रदेश. त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून गणिताच्या एका शाखेला बीजगणिताचे पाश्चात्त्य नाव मिळाले, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

पण बुखाऱ्याहून खिवा वाळवंटातून सुमारे 450 किलोमीटर पुढे आहे. जाण्यायेण्यात आमचे जवळजवळ दोन दिवस गेले असते आणि अम्मीचे गुडघे दुखतात. मी खिव्यावर रेघ मारली. मित्रांनो, आखणी करताना काय पाहायचे हे ठरवणे कठीण नसते. काय सोडायचे, तिथे हात अडखळतो.

आता दिवस मोजू. दिवस मोजताना पुष्कळ लोक फसतात. 'आठ दिवसांत चार शहरे, म्हणजे प्रत्येकी दोन दिवस,' असा भागाकार ते करतात. हा भागाकार चुकीचा आहे, कारण एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे फुकट होत नाही. ताश्कंद ते समरकंद ही वेगवान गाडी दोन तासांहून थोडा अधिक वेळ घेते. पण सामान बांधा, खोलीचा हिशेब करा, स्टेशनावर आधी पोहोचा, उतरल्यावर वाहन शोधा, नवी खोली मिळेपर्यंत थांबा, हे सगळे धरले तर दारापासून दारापर्यंत पाच तास सहज लागतात. म्हणजे शहर बदलले की अर्धा दिवस गेला. म्हणून दिवसांऐवजी रात्री मोजाव्यात. ज्या शहरात दोन रात्री काढाल, तिथे तुम्हांला खरा एकच पूर्ण दिवस मिळतो.

आमच्याकडे आठ रात्री होत्या. विमान ताश्कंदला उतरते आणि तिथूनच परत निघते. मग जाताना एकेक शहर पाहत पुढे जावे, की आधी सर्वांत लांब जाऊन परत येत यावे? आम्ही दुसरा मार्ग घेतला. पहिली रात्र ताश्कंदला, सकाळी थेट बुखारा, तिथे दोन रात्री. परतीच्या वाटेवर समरकंदला तीन रात्री आणि शेवटच्या दोन रात्री पुन्हा ताश्कंदला. यात दोन फायदे आहेत. लांबचा प्रवास अंगात ताकद असताना होऊन जातो. शिवाय शेवटच्या दिवशी आपण विमानतळाच्या गावीच असतो. एखादी गाडी चुकली, तरी विमान चुकत नाही.

त्या वेगवान गाडीचे नाव अफ्रासियाब. ती 2011 मध्ये ताश्कंद ते समरकंद सुरू झाली आणि 2016 मध्ये बुखाऱ्यापर्यंत गेली. ताशी 250 किलोमीटरपर्यंत तिचा वेग जातो. साहजिकच तिला गर्दी असते, म्हणून तिकीट आधी काढावे लागते. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक लागतो, तेव्हा कागदपत्रांचे काम सर्वांत आधी.

इथे आमच्या घरी एक गंमत झाली. तशी ती गंमत नव्हती. अम्मीच्या नावापुढे रेशनकार्डावर 'बी' आहे, आधारकार्डावर 'बेगम' आहे आणि बँकेच्या पुस्तकात दोन्ही नाहीत! आपल्याकडे अशी नावे घरोघरी सापडतील. आधी सगळीकडे एकच नाव करून घेतले, मग पासपोर्टचा अर्ज भरला. त्यात दोन महिने गेले. व्हिसा, विमानाचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवे, अगदी एकेक अक्षर. पासपोर्टची मुदतही पाहावी. प्रवासानंतर निदान सहा महिने मुदत उरावी, असे पुष्कळ देशांचे म्हणणे असते. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांची कागदपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

ऋतूचा विचारही करायला हवा. तिथला उन्हाळा फार कडक असतो, पारा चाळीसपर्यंत चढतो. हिवाळ्यात बर्फ पडते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. आपली दिवाळीची सुट्टी बहुधा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात येते. तेव्हा दिवसा ऊन सुखाचे असते, रात्री मात्र स्वेटर लागतो.

एवढे झाले की मग त्या शहरांविषयी वाचायचे. हा भाग मला सर्वांत आवडला. उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला तर तो जास्तच आवडेल, कारण तिथले कितीतरी शब्द तुम्हांला आधीच येतात. फक्त उझबेक लोक पुष्कळ ठिकाणी 'आ'चा उच्चार 'ओ'सारखा करतात. किताबला ते 'कितोब' म्हणतात, बाजारला 'बोझोर', दरवाजाला 'दरवोझा'. शाळेला मकतबच म्हणतात. बुखाऱ्यात 1807 साली बांधलेली चार मनोऱ्यांची एक देखणी इमारत आहे. तिचे नाव 'चोर मिनोर'. म्हणजे आपले चारमिनार! मराठी माणसाला वाटेल, मनोरे चोरांनी बांधले. तिथेच 'लब-ए-हौज' नावाचे ठिकाण आहे. 'लब' म्हणजे काठ हे तुम्ही उर्दूत शिकला आहात आणि 'हौज' म्हणजे मराठीतला हौद. हौदाच्या काठी तुतीची जुनी झाडे आहेत आणि लोक तिथे चहा पीत बसतात. जवळच कलान मनोरा आहे. तो 1127 साली बांधला आणि सुमारे 46 मीटर उंच आहे.

लिपीची मात्र उलट गोष्ट आहे. पूर्वी उझबेक भाषा अरबी लिपीत लिहीत. गेल्या शतकात ती बदलली आणि आता रोमन व रशियन अशा दोन लिपी दिसतात. त्यामुळे नव्या दुकानाची पाटी तुम्हांला परकी वाटेल, पण सहाशे वर्षांपूर्वीच्या कमानीवरची अक्षरे तुम्ही लावू शकाल. मी मुलीला सांगितले आहे, की कमानी तिने वाचायच्या आणि दुकाने मी शोधायची.

समरकंदला आम्ही तीन रात्री दिल्या, कारण तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रेगिस्तान चौकात तीन भव्य मदरसे समोरासमोर उभे आहेत. त्यांतला पहिला तैमूरचा नातू उलुग बेग याने 1417 ते 1420 या काळात बांधला. दुसरे दोन त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले. अम्मीचे निळे घुमट आणि निळ्या फरशा याच शहरात आहेत. उलुग बेग राजा होता, पण त्याचे मन आकाशात. त्याने टेकडीवर वेधशाळा उभारली आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची सारणी 1437 मध्ये पूर्ण केली. पुढे त्याच्या स्वतःच्या मुलाच्या इशाऱ्यावरून त्याचा खून झाला आणि वेधशाळाही नष्ट झाली. 1908 मध्ये उत्खननात तिचा जमिनीखालचा भाग सापडला. दगडी कमानीचा तो प्रचंड तुकडा आजही पाहायला मिळतो. खिवा गेले, तर मी माझ्यासाठी ही वेधशाळा निवडली. याच समरकंदसाठी बाबर आयुष्यभर झुरला. त्याने हे शहर तीन वेळा जिंकले आणि तिन्ही वेळा गमावले. हिंदुस्थानात आल्यावरही त्याला तिकडच्या खरबुजांची आठवण येई.

ताश्कंदला जुन्या इमारती कमी आहेत. 26 एप्रिल 1966 च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला आणि लाखो लोक बेघर झाले. नंतर शहर नव्याने बांधले गेले. 1977 मध्ये तिथे भुयारी रेल्वे सुरू झाली. तिची स्थानके राजवाड्यासारखी सजवलेली आहेत. आपल्या देशाची एक दुःखद आठवणही या शहराशी जोडलेली आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी 10 जानेवारी 1966 रोजी इथेच पाकिस्तानबरोबर करार केला आणि त्याच रात्री, 11 जानेवारीला, इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा पुतळा तिथे आहे. आम्ही तिथे जाणार आहोत.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. विमान, व्हिसा, रेल्वे आणि खोल्या यांचा आकडा आधी काढावा. उरलेल्यातून जेवणखाण. आजारपणासाठी काही रक्कम वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये. उझबेकिस्तानचे नाणे 'सोम'. चहालाही हजारोंच्या नोटा मोजाव्या लागतात, तेव्हा घाबरू नका. आणि पुलाव खायचा असेल तर दुपारीच जा. तिथे तो मोठ्या कढईत दुपारच्या जेवणासाठी शिजतो आणि बऱ्याच ठिकाणी लवकर संपतो. हेही कागदावर लिहून ठेवले आहे.

प्रत्येक ठिकाण कोणत्या वारी बंद असते, तो रकाना मी लाल शाईने आखला. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. आपण परदेशात दाराशी जाऊन परत फिरलो, तर पुन्हा कधी येणार?

परवा रात्री अम्मी चष्मा लावून त्या कागदापुढे उभी होती. समरकंदच्या दुसऱ्या दिवसापुढे मी काहीच लिहिलेले नाही.

"या दिवशी काय आहे?" तिने विचारले.

"काही नाही अम्मी. आदल्या दिवशी उशीर झाला, तर हा दिवस आहे. नाही झाला, तर तुम्ही चौकात बसा, हवा तितका वेळ."

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी जुम्मा तर नाही ना?"

मी उठून कॅलेंडर पुन्हा एकदा पाहिले. मंगळवार होता.