घरगुती वाहनगृहाच्या काँक्रीट जमिनीचे संरक्षण : लेपनामागील शास्त्र आणि महाराष्ट्रातील ओलीचा प्रश्न

बीजशब्द : काँक्रीट, कोबा, इपॉक्सी लेप, बाष्प, सच्छिद्रता, पृष्ठभागाची पूर्वतयारी

प्रस्तावना

'गॅरेज' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गाडी दुरुस्तीचे दुकान उभे राहते. प्रस्तुत लेखात मात्र या शब्दाने घरालगतची किंवा घराखालची गाडी लावण्याची जागा अभिप्रेत आहे. बंगल्याचा पोर्च, शटर लावलेली खोली आणि इमारतीखालची खांबांमधील मोकळी जागा या तिन्हींचा समावेश तिच्यात होतो. घर बांधताना दिवाणखान्याच्या फरशीचा जेवढा विचार होतो, त्याच्या दशांशही या जमिनीचा होत नाही. गवंडी उरल्यासुरल्या मालात कोबा करून देतो आणि 'इथे गाडीच तर उभी राहणार' असे म्हणून मालकही समाधान मानतो. पुढे पृष्ठभाग भुरभुरू लागतो, कितीही झाडले तरी धूळ संपत नाही, इंजिन ऑइलचे डाग खोल मुरतात आणि मग बाजारातील चकचकीत लेपांची आठवण होते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी असाच एक इपॉक्सी लेप मे महिन्यात देण्यात आला. जून सुखरूप गेला. ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी फोड आले आणि चाकांखालचा रंग पापुद्र्यांनी निघू लागला. ठेकेदाराने दोष मालाला दिला, विक्रेत्याने कारागिराला. पापुद्रा उलटून पाहिला असता त्याच्या पाठीला सिमेंटची पांढुरकी भुकटी चिकटलेली आढळली, तर फोड टोचल्यावर आतून पाणी निघाले. या दोन खुणांतच अपयशाचे कारण दडलेले होते. लेप स्वतः तुटला नव्हता. ज्या थराला त्याने धरले, तो थरच कच्चा होता आणि खालून ओल त्याला उचलत होती.

काँक्रीटचे अंतरंग

वरून दगडासारखे भासणारे काँक्रीट वस्तुतः सच्छिद्र असते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के पाणी पुरते. परंतु मिश्रण सहज पसरावे म्हणून कामावर त्याहून बरेच अधिक पाणी ओतले जाते. हे जादा पाणी उडून जाताना मागे केशनलिकांचे जाळे सोडते. तसेच ते वर येताना सिमेंट व वाळूचे अतिसूक्ष्म कण सोबत आणते. त्यातच पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून तो घोटण्याची आपल्याकडे रीत आहे. परिणामी वरचा एक पातळ थर दिसायला सुबक, पण अंगी दुबळा राहतो. पाणी मारण्यातील हयगय त्यात भर घालते. आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर कोरड्या-उष्ण हवेत किंवा मिश्र सिमेंट वापरले असल्यास किमान १० दिवस सतत ओलावा द्यावा लागतो. पोर्चच्या कोब्याला तो किती वेळा मिळतो, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

आता ओलीकडे वळू. जमिनीवर थेट घातलेल्या काँक्रीटमधून मातीतील ओलावा बाष्परूपाने सतत वर येत असतो. उघड्या कोब्यातून तो कोणाच्या लक्षातही न येता हवेत मिसळतो. त्यावर अभेद्य पडदा ताणला की बाष्प तेथेच अडते, त्याचे पाणी होते, ते काँक्रीटमधील अल्कली व क्षार विरघळवते आणि चिकटपणाची मुळे सैल करते. भिंतीला लोणा लागून रंगाचे पोपडे निघतात, त्यातलाच हा प्रकार. काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक अडचण असते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. त्या हालचालीने खालचा भराव सरकून कोब्याला चिरा जातात आणि लेप कितीही उत्तम असला तरी तो त्या चिरेबरोबर फाटतो.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. गॅरेजच्या जमिनीला जाड लेप देण्याची कल्पना उत्तर अमेरिकेत रुजली, ती तेथील हवामानाशीही निगडित आहे. हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. ते गाडीच्या तळाला चिकटून घरात येते व खारे पाणी जमिनीत मुरते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि पृष्ठभागाचे टवके उडतात. तेथे शत्रू वरून येतो, म्हणून वरचा पडदा उपयोगी पडतो. नागपूरच्या किंवा रत्नागिरीच्या पोर्चमध्ये मीठही नाही आणि गोठणेही नाही. येथला शत्रू चार महिने खालून येतो. माहितीपत्रकांत हा भेद सहसा आढळत नाही.

परीक्षण आणि पूर्वतयारी

लेप निवडण्यापूर्वी ओलीची परीक्षा करणे खर्चिक नाही. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचे पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व किमान १६ तासांनी उचलून पाहावे. आतून थेंब जमले असतील किंवा जमीन काळवंडली असेल, तर ओल वर येत आहे. ही परीक्षा मे महिन्यात उत्तीर्ण झालेली जमीन ऑगस्टमध्ये अनुत्तीर्ण होऊ शकते. म्हणून ती एकदा भर पावसाळ्यातही करावी. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब लगेच शोषला गेला तर छिद्रे मोकळी आहेत. मोत्यासारखा तसाच राहिला तर तेल किंवा जुना लेप वाट अडवून बसला आहे.

दुबळा थर काढण्याचे दोन मार्ग आहेत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुणे स्वस्त पडते. परंतु त्याने तेलाचे डाग निघत नाहीत, उरलेले आम्ल नीट धुतले न गेल्यास पुढे त्रास देते आणि मुरलेले पाणी सुकायला बराच काळ लागतो. आम्ल ब्लीचिंग पावडरीच्या संपर्कात आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, याचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. हिऱ्याच्या चकतीच्या यंत्राने घासणे अधिक खात्रीचे. मात्र त्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. श्वसनयोग्य स्फटिकरूप सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारा मजूर आपण नेहमी पाहतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. धूळ ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क यांचा खर्च अंदाजपत्रकात प्रथमच धरला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

लेपांची निवड

इपॉक्सी म्हणजे राळ व कठीणकारक या दोन घटकांची रासायनिक जोडणी. ती कठीण, तेलाला दाद न देणारी, परंतु बाष्परोधक असते व उन्हात पिवळी पडते. त्यामुळे उघड्या पोर्चमध्ये तिच्यावर सूर्यप्रकाश सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो. पॉलिअ‍ॅस्पार्टिक लेप काही तासांत वाळतो. पण त्याच वेगामुळे नवख्या हाताला तो आवरत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारा एकघटकी 'फ्लोअर पेंट' गाडीच्या तापलेल्या टायरला टिकत नाही. टायर थंड होऊन आक्रसताना तो रंग ओढून घेतो.

दुसरा वर्ग पडदा न धरणाऱ्या, आत मुरणाऱ्या द्रवांचा. लिथियम सिलिकेट काँक्रीटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून छिद्रांत कठीण पदार्थ तयार करते व धूळ निघणे थांबवते. सिलेन-सिलॉक्झेन छिद्रांच्या भिंतींना जलविरोधी बनवते, पण बाष्पाला वाट ठेवते. दोहोंत चकाकी नाही आणि तेलाचा डाग पुसण्याचे काम मालकाकडेच राहते. परंतु काँक्रीटखाली प्लॅस्टिकचे आवरण नसलेल्या आपल्या बहुतेक कोब्यांना हाच मार्ग मानवतो. खालून ओल नसलेल्या जमिनीवर, उदाहरणार्थ तळघराच्या छतावरील वाहनतळावर, इपॉक्सी अवश्य द्यावी. पाय घसरू नये म्हणून तिच्यात बारीक वाळू मिसळावी. घरात वृद्ध असल्यास ती विसरता कामा नये.

वेळेचेही महत्त्व आहे. जमिनीचे तापमान दवबिंदूहून किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे. सकाळी ऊन चढताना छिद्रांतील हवा प्रसरण पावून ओल्या लेपात बुडबुडे धरते, म्हणून उतरत्या उन्हात काम सुरू करणे श्रेयस्कर. उष्म्यात मिश्रण डब्यातच घट्ट होऊ लागते. तेव्हा थोडे थोडे कालवावे.

प्रस्तुत लेखकाच्या घरची जमीन पुढे घासून मोकळी केली, चिरा लवचिक भरणद्रव्याने बुजवल्या, पोर्चला बाहेरच्या बाजूस उतार दिला आणि सिलिकेटनंतर सिलेनचे दोन हात दिले. पुढच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली थेंब पूर्वीसारखेच जमले, परंतु जमिनीवर एकही फोड आला नाही. गाडीच्या तेलगळतीखाली आता एक जुना पत्र्याचा ट्रे ठेवलेला असतो.