टाकीपाशी बोर्ड, कपाटात मिनी पीसी

29 फेब्रुवारी 2012 ला रास्पबेरी पाय बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत होती 35 डॉलर. एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, 256 एमबी रॅम, हार्ड डिस्क नाही आणि चालवायला मोबाइलचा चार्जर पुरे. माझ्याकडे बोर्ड आला तो 2015 मध्ये, पाय 2. तो पहिल्यांदा कामाला लागला सांगलीत, गावभागातल्या आत्याच्या घरी.

तिथं टाकी भरून वाहायची आणि मोटर चालूच राहायची. टाकीच्या झाकणाखाली पाण्याचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. सेन्सरचा सिग्नल पाच व्होल्टचा आणि बोर्डाच्या पिनला 3.3 च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवलं. मोटर चालू-बंद करणारा रिले खटकन वाजला, मोटर थांबली, आणि जिन्यात उभी असलेली आत्या म्हणाली, "बंद झाली बघ रे!" पिना हाताशी असण्याचं मोल मला त्या दिवशी कळलं. नुसत्या टाकीसाठी हल्ली ईएसपी 32 सारखी चिपही भागवते, आणि ती कितीतरी स्वस्त पडते.

त्रास दिला तो मेमरी कार्डानं. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल-सिस्टीम बिघडायची. साताऱ्याच्या माझ्या घरून सांगलीला गेलो की पिशवीत एक तयार कार्ड असायचंच. पुढे कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी व्यवस्था केली, तेव्हा ते थांबलं.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. आत्याच्या घरी तळमजल्यावरचे अल्बम पाण्यात गेले. प्लास्टिकला चिकटलेले फोटो आम्ही स्वच्छ पाण्यात सोडवून दोरीवर वाळवले आणि एकेक करून स्कॅन केले. आजोबांच्या लग्नाचा मात्र एकही वाचला नाही. तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरचं माझ्यालेखी मुख्य काम एकच झालं: फोटो जपणं.

त्याच वर्षी जूनमध्ये पाय 4 आला होता. साताऱ्यात त्याला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क जोडल्या, तर कॉपी करताना एक डिस्क मध्येच गायब व्हायची. त्याचे सगळे यूएसबी पोर्ट मिळून जेमतेम 1.2 अँपिअर देतात. दोन डिस्क एकदम फिरायला तेवढं पुरत नाही. दुसरा बोर्ड घ्यावा म्हटलं, तर 2021 ते 2023 चिपांची टंचाई. आहे त्या मालाला दुप्पट भाव सांगत. 2023 च्या अखेरीस पाय 5 आला, पण 27 वॅटचा अडॅप्टर, पंखा, केस, एसएसडीची पाटी असं सगळं धरलं की स्वस्ताईचा मुद्दा उरत नाही.

म्हणून ऑफिसातून निघालेला, सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा मिनी पीसी घेतला. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. आतली धूळ ब्रशनं झाडली, थर्मल पेस्ट बदलली. एक एसएसडी सिस्टीमसाठी, दुसरी फोटोंसाठी. बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय लावला. तो विसरलात तर प्रत्येक वेळी बटण दाबायला घरी यावं लागतं.

विजेचा हिशेब मी मीटर लावून केला. बोर्ड साधारण तीन वॅट घेतो, मिनी पीसी दहा. चोवीस तास चालवून महिन्याला पाच युनिटांचा फरक पडतो. दहा रुपये युनिट धरलं तरी पन्नास रुपये. एवढ्यासाठी मी फोटो कार्डाच्या भरवशावर ठेवणार नाही.

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली मशीनं ऑफिसातून बाहेर पडताहेत. लिनक्स टाकलं की ती घरात आणखी बरीच वर्षं काम देतील. घेताना अडॅप्टर मूळचा आहे का ते बघा, आणि डिस्क मात्र नवीच घाला. वायर, सेन्सर, रिले यांचं काम असेल तरच बोर्ड घ्या.

सांगलीत टाकीचं काम आता पाय 4 कडे आहे. वरच्या मजल्यावर त्याला एकच डिस्क लावली आहे, स्वतंत्र अडॅप्टरची. रोज रात्री दोन वाजता सांगलीचे फोटो साताऱ्यात येतात आणि साताऱ्याचे सांगलीत जातात.