दहा मिलिग्रॅमचं माप

वॉर्डात नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो: 'सिस्टर, याहून पॉवरफुल काही नाही का?' सिस्टरकडे त्यासाठी एक तक्ता असतो. इंजेक्शनने दिलेलं 10 मिलिग्रॅम मॉर्फीन हे त्यातलं मूळ माप. साधारण तेवढाच आराम दीड मिलिग्रॅम हायड्रोमॉर्फोनने मिळतो आणि फेंटानिल तर 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग, पुरतं. म्हणून फेंटानिलला मॉर्फीनच्या शंभरपट जोरदार म्हणतात. पण त्यामुळे औषध शंभरपट कमी लागतं, दुखणं काही शंभरपट थांबत नाही. नर्सला धास्ती असते ती वेगळीच. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची गल्लत झाली, तर डोस हजारपट चुकतो.

हे आकडे रुग्णांच्या खाटेशी बसून गोळा झालेले आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. रेमंड हूड आणि स्टॅन्ली वॉलेनस्टीन 1950च्या दशकात कर्करोगाच्या रुग्णांवर वेदनाशामकांची तुलना करत होते. एडा रॉजर्स ही नर्स त्यांची सहकारी. कुणाला कोणतं औषध दिलंय हे माहीत नसताना नर्सने तासातासाला विचारायचं, किती दुखतंय, किती उतरलं, आणि रुग्ण सांगेल तेच लिहून घ्यायचं, अशी ती पद्धत. या पद्धतीवरच्या 1960च्या शोधनिबंधावर रॉजर्स यांचंही नाव आहे. तक्ते वापरणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, शंकाच आहे.

या प्रयोगांत एकेकच डोस दिलेला असे. त्यानुसार 10 मिलिग्रॅम इंजेक्शनच्या तोडीला तोंडाने 60 मिलिग्रॅम मॉर्फीन लागे. नियमित डोस घेणाऱ्यांना मात्र 30च्या आसपास पुरतं, असं पुढे दिसलं. गोळीतलं बरंचसं मॉर्फीन रक्तात पोचण्याआधीच यकृतात मोडतं, म्हणून इंजेक्शन आणि गोळी यांच्या डोसांत मुळात फरक पडतो.

कोडीनची कथा आणखी मजेशीर. ते शरीरात मॉर्फीनमध्ये बदलतं तेव्हा कामाला येतं, आणि काहींच्या यकृतात ते बदलतच नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर एका डोसची तुलना केली, तर 60 मिलिग्रॅम कोडीनपेक्षा 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन कितीतरी सरस ठरतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986च्या वेदनाशामकांच्या शिडीत कोडीन आयबुप्रोफेनच्या वरच्या पायरीवर! अर्थात आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला आणि जठराला जाचतं, हेही पाहावंच लागतं.

औषध बदलताना तक्त्यातला आकडा जसाच्या तसा घेत नाहीत. 25 ते 50 टक्के कमी करतात, कारण एका औषधाची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही. मेथाडोनला तर सरळ गुणाकार चालतच नाही. गुंगी वाढतेय का, श्वास मंदावतोय का, हे शेवटी नर्सलाच पाहावं लागतं.

आपल्याकडे अडचण निराळी होती. 1985च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फीनच दुर्मीळ झालं. 1986मध्ये मुंबईत शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं, ते अशा काळात. कायद्यात सुधारणा झाली 2014मध्ये.

रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात हलवताना एक कागद जरूर सोबत द्या: औषधाचं नाव, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, गोळी, इंजेक्शन की पट्टी आणि शेवटचा डोस किती वाजता. नुसतं 'स्ट्राँग पेनकिलर चालू आहे' एवढ्यावर पुढच्या सिस्टरला काहीच ठरवता येत नाही.