बाप्तिस्मा न घेतलेल्या आपल्या आप्तांचे तारण : ख्रिस्तसभेची शिकवण

१९५५ साली नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. वऱ्हाडात आपण कॅथलिक संख्येने अगदी थोडे आहोत. आपले शेजारी, सहकारी आणि कित्येकांचे सख्खे नातेवाईक हिंदू, बौद्ध वा मुस्लिम आहेत. साहजिकच अनेक श्रद्धावंतांच्या मनात एक प्रश्न घर करून असतो. माझ्या आईने बाप्तिस्मा घेतला नाही, पण ती आयुष्यभर देवभीरू राहिली आणि दारी आलेल्याला तिने कधी उपाशी पाठवले नाही. तिचे तारण होईल काय? तिच्या आत्म्यासाठी पवित्र मिस्सा अर्पण करता येईल काय? या प्रश्नांना ख्रिस्तसभेने दिलेली उत्तरे आपण येथे क्रमाने समजून घेऊ.

ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, या आशयाचे वचन आपण ऐकलेले असते. ते तिसऱ्या शतकातील कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांच्याशी जोडले जाते. त्यांचा रोख मुख्यत्वे ख्रिस्तसभेशी फारकत घेऊन फूट पाडणाऱ्यांवर होता. पुढील काळात हे वचन अधिक कठोर अर्थाने मांडले गेले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तर ज्यू व अन्य धर्मीयांचा स्पष्ट उल्लेख करून ते मांडले. परंतु सुवार्ता ज्यांच्या कानी कधी पोहोचलीच नाही, त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही संपला नव्हता. १८६३ साली पोप नववे पायस यांनी शिकवले की, स्वतःचा दोष नसताना जे सत्यधर्माविषयी अजाण राहिले आणि ज्यांनी प्रामाणिक जीवन जगण्याचा यत्न केला, त्यांना देव त्याच्या कृपेने सार्वकालिक जीवन देऊ शकतो.

विसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टन येथे फादर लिओनार्ड फीनी हे धर्मगुरू या वचनाचा अत्यंत संकुचित अर्थ शिकवू लागले. १९४९ साली रोमने बोस्टनच्या महागुरूंना पत्र पाठवून तो अर्थ अमान्य केला. आपल्या मतावर अडून राहिलेल्या आणि रोमला जाण्याची आज्ञा न पाळणाऱ्या फीनी यांना १९५३ साली बहिष्कृत करण्यात आले. पुढे १९७२ साली त्यांचा ख्रिस्तसभेशी समेट झाला. जे वचन सर्व परधर्मीयांना नरकात लोटण्यासाठी वापरले जात होते, त्याचा तसा वापर ख्रिस्तसभेनेच नाकारला, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही शिकवण अधिक विस्ताराने मांडली. १९६४ सालच्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. पहिली, प्रभू येशू ख्रिस्त हाच एकमेव तारणारा व मध्यस्थ आहे. दुसरी, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रांजळ अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकबुद्धीला उमगलेली त्याची इच्छा कृपेच्या बळावर आचरणात आणू पाहतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. तिसरी गोष्ट आपल्याला उद्देशून आहे. जो ख्रिस्तसभेत राहूनही प्रीतीत टिकून राहत नाही, त्याला केवळ सभासदत्व तारू शकत नाही. पुढे १९६५ साली परिषदेने हिंदू, बौद्ध, मुस्लिम व ज्यू धर्मांचा आदराने उल्लेख केला आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले.

मग सर्व धर्म सारखेच, असा याचा अर्थ आहे काय? तसा नाही. २००० साली रोमने प्रसिद्ध केलेल्या 'दोमिनुस येझुस' या दस्तऐवजाने ते स्पष्ट केले आहे. ज्याचे तारण होते, त्याचे ख्रिस्ताद्वारेच होते, मग त्या व्यक्तीला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. कृपा तिच्यापर्यंत कशी पोहोचते, तो मार्ग देव जाणतो. म्हणूनच सुवार्तेची साक्ष देण्याचे आपले कर्तव्यही कायम राहते. आपल्याला लाभलेले हे दान भीती दाखवून वा आमिष देऊन वाटायचे नसते. ते प्रीतीनेच द्यायचे असते आणि घेणाऱ्याचे स्वातंत्र्य जपूनच द्यायचे असते.

आपल्याच मातीतील एक उदाहरण पाहू. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावोगाव फिरले. त्यांनी धर्मशाळा उभारल्या, अनाथ-अपंगांची सेवा केली आणि कीर्तनातून लोकांना अस्पृश्यता, व्यसने व कर्जबाजारीपणापासून परावृत्त केले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा भुकेल्या, तहानेल्या व उघड्या माणसांविषयी विचारतो. त्या प्रसंगी नीतिमान चकित होतात, कारण आपण राजाचीच सेवा केली हे त्यांना ठाऊकच नसते. गाडगे महाराजांच्या आत्म्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नाही. त्यांना छुपे ख्रिस्ती ठरवणे हाही त्यांचा अनादरच होईल. मात्र अशा जीवनात देवाचा आत्मा कार्य करतो, असे मानण्यास आपल्या श्रद्धेची आडकाठी नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९०१ वे कलम सांगते की, धर्मगुरू जिवंत वा मृत अशा कोणत्याही व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात. यात बाप्तिस्म्याची अट नाही. तेव्हा आपल्या हिंदू वा बौद्ध मातापित्यांच्या नावे मिस्सा मागण्यास संकोच करू नये. ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे, अशा मृतांचे स्मरण तर चौथ्या मिस्सा-प्रार्थनेत सर्व ख्रिस्तसभाच करते. बाप्तिस्म्याची तयारी करीत असताना कोणी मरण पावल्यास, अंत्यसंस्काराच्या बाबतीत धर्मसंहिता त्याला श्रद्धावंतच मानते. अन्य धर्मीय आप्तांच्या अंत्ययात्रेत खांदा देणे, तेरवीला जाऊन घरच्यांचे सांत्वन करणे हे प्रीतीचेच कार्य आहे. तेथील पूजाविधीत स्वतः सहभागी व्हावे किंवा कसे, याविषयी शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

देवाची इच्छा सर्व माणसांचे तारण व्हावे अशीच आहे, असे संत पौल तिमथ्याला लिहितो. त्याच इच्छेवर भरवसा ठेवून आपण आपल्या प्रियजनांना त्याच्या हाती सोपवू या. येत्या नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या स्मरणार्थ नावे लिहून देताना बाप्तिस्मा न घेतलेल्या आपल्या आईवडिलांची, भावंडांची व शेजाऱ्यांची नावेही त्यात अवश्य लिहावीत. जो त्यांना आपल्याहून अधिक ओळखतो, त्याच्यापुढेच ती नावे ठेवली जाणार आहेत.