म्हातारपणातील पंगत

अमेरिकेत निवृत्तांसाठी एक वेगळ्या प्रकारची वसाहत असते. तिला ‘कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी’ म्हणतात. आपल्याकडील वृद्धाश्रमाच्या कल्पनेने तिच्याकडे पाहून चालणार नाही. वृद्धाश्रमात माणूस बहुधा निराधार झाला म्हणून जातो. येथे तो धडधाकट असताना पैसे मोजून जातो. एकाच आवारात तीन पायऱ्या असतात. पहिली स्वतंत्र सदनिकांची: स्वतःचे स्वयंपाकघर, येण्याजाण्याची मोकळीक, आणि सर्वांनी एकत्र जेवावे असे भोजनगृह. आंघोळ, कपडे, औषधे यांसाठी दुसऱ्याचा हात लागू लागला की दुसरी पायरी. अंथरूण धरले की तिसरी, म्हणजे शुश्रूषागृह. स्मृतिभ्रंश झालेल्यांचा विभाग बहुधा निराळा, बंद दाराचा असतो.

प्रवेश घेताना एकरकमी पैसे भरावे लागतात. ते पुष्कळदा काही लाख डॉलरच्या घरात जातात. शिवाय दरमहाचे शुल्क वेगळे. सर्वांत महाग करारात पायरी बदलली तरी मासिक शुल्क फारसे वाढत नाही. हा एक प्रकारचा विमाच आहे, आणि म्हणूनच आधीपासून आजारी असलेल्याला असा करार सहसा मिळत नाही.

ही रक्कम येते कोठून? बहुतेक जण आयुष्यभराचे राहते घर विकून ती उभी करतात. म्हणजे आधी घर पाहिजे. आणि घर कोणाचे होऊ शकले, हा अमेरिकेत केवळ काटकसरीचा प्रश्न कधीच नव्हता. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखवल्या. 1934 मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने अशा वस्त्यांतील गृहकर्जांना हमी देण्याचे टाळले. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील वृद्धापकाळाच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, व त्या काळी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. त्यांच्या मुलांच्या हाती विकण्याजोगे घर फारसे आले नाही. या वसाहतींतील रहिवासी आजही बहुसंख्येने गोरे आहेत, याची मुळे येथे शोधली पाहिजेत.

परंतु आत शिरल्यावरही समता लाभतेच असे नाही. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक शहरात हार्बर्स एज नावाची वसाहत आहे. 2011 मध्ये तेथील व्यवस्थापनाने नियम केला की, साहाय्य व शुश्रूषा विभागांतील रहिवाशांनी स्वतंत्र सदनिकावाल्यांच्या भोजनगृहात जेवू नये आणि त्यांच्या कार्यक्रमांनाही येऊ नये. कालपर्यंत त्याच टेबलावर बसलेला माणूस पायरी उतरताच पंगतीतून उठवला गेला. पती एका विभागात आणि पत्नी दुसऱ्या विभागात असेल, तर त्या दोघांनी एकत्र जेवायचे कोठे? माझ्या मते अशा नियमामागे दुकानदारी असते. चाकाच्या खुर्च्या दिसल्या तर नवे, धट्टेकट्टे गिऱ्हाईक बिचकेल ही भीती. गावच्या लग्नात आमची पंगत शेवटी आणि मांडवाबाहेर बसे, हे मी वडिलांकडून ऐकले आहे. तेथे विटाळाचे कारण दिले जाई. कारणे बदलतात, टेबल तेवढे वेगळे मांडले जाते.

रहिवाशांच्या तक्रारी झाल्या, प्रकरण केंद्र सरकारच्या न्याय विभागाकडे गेले, आणि 2015 मध्ये तडजोड झाली. संस्थेला 3,50,000 डॉलरचा भरपाई निधी आणि 40,000 डॉलरचा दंड मान्य करावा लागला. यात वापरलेल्या कायद्यांपैकी एक होता 1968 चा न्याय्य गृहनिर्माण कायदा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिल 1968 रोजी झाली. त्यानंतर आठवडाभरात, 11 एप्रिलला, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तो कृष्णवर्णीयांना घर नाकारले जाऊ नये म्हणून लढून मिळवलेला कायदा. 1988 च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्व आले. ज्यांना त्या लढ्याची कधी गरज पडली नव्हती, अशा सुखवस्तू वृद्धांचे पान त्या कायद्याने परत मांडले. याबद्दल आपल्याला असूया वाटण्याचे कारण नाही. पण कायदा कोणी मिळवून दिला, हे त्या टेबलावर कोणी बोलले असेल का, असे मनात येते खरे.

आणि त्या टेबलापर्यंत खुर्ची ढकलत आणणारी कोण? देशभरातील शुश्रूषा साहाय्यकांत बहुतांश स्त्रिया आहेत, आणि एक तृतीयांशाहून अधिक कृष्णवर्णीय. अंग पुसणे, कूस बदलणे, मलमूत्र काढणे, घास भरवणे ही त्यांची कामे, मजुरी तुटपुंजी. त्यांचे स्वतःचे म्हातारपण या आवारात जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. वृद्धांसाठीचा सरकारी विमा मेडिकेअर हा रुग्णालयातील मुक्कामानंतर शुश्रूषागृहाचा खर्च फार तर 100 दिवस उचलतो. नुसत्या सांभाळासाठी तो पैसे देत नाही. त्यापुढे उरते गरिबांसाठीची मेडिकेड योजना. ती मिळण्यासाठी जवळची शिल्लक आधी जवळजवळ संपवावी लागते. ही अट पाळणे या बायांना जड जात नाही.